सुकलं म्हणजे सुटलं?

काही माणसांचा काळावर फार विश्वास असतो. दाढ दुखो, भाडेकरू भांडो, नाहीतर जावई रुसो, त्यांचं औषध एकच : "चार दिवस जाऊ द्या, होईल आपोआप." आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी याच पंथातले. फाटकापाशी दर पावसाळ्यात एक ऐसपैस डबकं साचतं. सोसायटी म्हणते, ते पालिकेच्या रस्त्यावर आहे. पालिका म्हणते, ते सोसायटीच्या हद्दीत आहे. डबकं बिचारं दोघांचाही मान राखून मधोमध पसरतं. श्रावणात चार दिवस ऊन पडतं, डबकं आटतं आणि सेक्रेटरी विजयी मुद्रेने म्हणतात, "बघा, मिटला की नाही प्रश्न? आणि दमडीचा खर्च नाही!"

खर्च झाला हो, फक्त तो सूर्याने केला. वाफ व्हायला पाणी उकळावंच लागतं, अशी आपली चहामुळे समजूत झालेली असते. प्रत्यक्षात साध्या हवेतही पाण्याच्या पृष्ठभागावरचे चपळ रेणू संधी साधून निसटत असतात आणि मागे उरलेलं पाणी गार होतं. माठाचा सगळा संसार याच तत्त्वावर चालतो. पण हे काम स्वस्त नाही. पंधरा लिटरची एक बादली विजेवर वाळवायची म्हटली तर सुमारे १० युनिटं जळतील. हे बिल सोसायटीला आलं असतं, तर प्रश्न मिटल्याचा आनंद इतका एकमताने झाला नसता.

बरं, पाणी गेलं कुठे? थोडं जमिनीत मुरलं, बाकीचं हवेत. तिथे वाफेचा मुक्काम सरासरी आठ-दहा दिवसांचा. मग कुठेतरी पाऊस. कालिदासाने 'रघुवंशा'त दिलीप राजाच्या करवसुलीला सूर्याची उपमा दिली आहे : सूर्य पाणी घेतो, ते हजारपटीने परत देण्यासाठी. शास्त्राचा हिशेब जरा कंजूष आहे. साऱ्या पृथ्वीचा विचार केला तर जेवढं वर जातं, साधारण तेवढंच खाली येतं. शिवाय घेतलं आमच्या फाटकाशी आणि दिलं भलत्याच तालुक्यात, असंही होतं. करदात्यांना हा अनुभव नवा नाही.

पण मला छळतो तो प्रश्न वेगळाच. सूर्य नेतो ते फक्त पाणी. गाळ आणि क्षार खालीच राहतात. मिठागरं चालतात ती त्यावरच. डेंग्यूच्या डासाची अंडी तर कुंडीखालच्या बशीच्या काठाला चिकटून, कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी मिळालं की उठून बसतात. आणि खड्डा? तो होता तिथेच असतो. मग सुकलं म्हणजे सुटलं, असं म्हणावं का?

माझ्या माहितीतले दोन सख्खे भाऊ आहेत. वडील गेल्यावर वाटणीत त्यांचं बिनसलं. बारा वर्षांनी धाकटा मला म्हणाला, "आता मनात काही राहिलं नाही हो." पुढे पुतणीच्या लग्नात थोरल्याने सहज विचारलं, "काय रे, घरातला तो तांब्याचा बंब कुणाकडे असतो हल्ली?" झालं! एका वाक्याची सर, आणि डबकं काठोकाठ. बारा वर्षांत राग आटला होता. अन्याय कुणी बुजवलाच नव्हता.

म्हणून काळाला नावं ठेवावीत असं नाही. भर पावसात खड्डा बुजवता येत नाही. टाकलेली खडी वाहून जाते. भांडणाच्या भरातही कुणी कुणाचं ऐकत नाही. पाणी उतरावंच लागतं. मात्र ते उतरलं की काम संपत नाही, काम करता येण्याजोगं होतं. नेमकं त्याच वेळी आपण हुश्श करून घरी जातो, कारण कोरड्या खड्ड्याने कुणाचीच चप्पल भिजत नाही. पाणी उचलणं हे काळाचं काम; खडीचं घमेलं आपल्यालाच उचलावं लागतं.

हे सगळं मी त्या धाकट्याला समजावून सांगितलं. म्हटलं, "अहो, आता सगळं शांत आहे, तर तो बंब दादांकडे पोचता करा की."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "करू ना. चार दिवस जाऊ द्या."