कोपऱ्यातली किक

२६ सप्टेंबर २०१५. रग्बी विश्वचषक, ट्विकनहॅमचं मैदान. यजमान इंग्लंड वेल्सविरुद्ध २५-२८ असं मागे, आणि अखेरच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली. कोन अवघड होता, तरी गोलावर किक मारून तीन गुण आणि बरोबरी साधता आली असती. कर्णधार ख्रिस रॉबशॉनं विजयासाठी चेंडू कोपऱ्याकडे बाहेर मारणं निवडलं. तिथून चेंडू आत फेकल्यावर, म्हणजे लाइनआउटनंतर, वेल्सनं इंग्लंडला मैदानाबाहेर ढकललं. सामना गेला. पुढे ऑस्ट्रेलियाकडूनही हरून इंग्लंड गटातच गारद झालं, आणि सगळं खापर रॉबशॉच्या माथी फुटलं.

आता गंमत बघा. आठवडाभर आधी ब्रायटनला जपानचा कर्णधार मायकेल लीचनं दक्षिण आफ्रिकेसमोर बरोबरीची किक अशीच नाकारली होती. जपान ३४-३२ जिंकला, लीच वीर ठरला! मग आपण तोलतो ते काय, निर्णय की गुणफलक? रॉबशॉ चुकला असेलही. पण जबाबदारी त्यानं सहकाऱ्यांवर ढकलली नाही, हेही त्याच पारड्यात पडायला हवं.

पुढे इंग्लंडला नवे प्रशिक्षक आले, एडी जोन्स. म्हणजे त्या विश्वचषकातले लीचचेच प्रशिक्षक! त्यांनी कर्णधारपद डिलन हार्टलीला दिलं. रॉबशॉ मात्र संघात राहिला, आणि २०१६ च्या सिक्स नेशन्स स्पर्धेत इंग्लंडनं पाचही सामने जिंकले, तेव्हा तो खेळत होता.