छप्पन सालची यादी

सरत्या वर्षाच्या पुरवण्या सगळ्यांनी चाळल्या आहेत, त्यामुळे त्यांत काय होतं ते पुन्हा सांगत बसत नाही. कोणाचं लग्न कुठल्या महालात लागलं, कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणता नट गेला. सगळं चकचकीत कागदावर, पानभर फोटोंसकट. मला राग आहे तो त्यात जे नाही त्याचा.

मुंबईत लोकलच्या मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. रूळ ओलांडताना, दारातून पडून, खांबाला आपटून. गटारात आणि मैल्याच्या टाकीत माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसं उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 30 लाखांवर नेली. न्यायालयाला हा मृत्यू दिसतो. वर्षाचा आढावा घेणाऱ्यांना त्यासाठी एक ओळ सापडत नाही.

विचारलं की उत्तर येतं, ‘लोकांना हेच हवं असतं.’ जागा कमी पडते, जाहिरातदार नाराज होतात, हीही उत्तरं येतात. ती मी सोडून देतो, त्यांत निदान स्वतःची अडचण सांगितलेली असते. पहिल्या उत्तरात मात्र आपल्या आळसाचं खापर वाचकाच्या माथी फोडलेलं आहे, आणि वाचक तिथे उलट बोलायला हजर नसतो.

कोण हे लोक? मराठी घरात पेपर आला की पहिलं पान बाजूला ठेवून आधी निधनवार्ता उघडणारी माणसं तुम्ही पाहिली नाहीत का? चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून ती बारीक टाइपातली चार-चार ओळींची निधनं वाचतात. सेवानिवृत्त मुख्याध्यापिका. एस.टी.तले माजी वाहक. पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडं. ओळखीचं कोणी नसलं तरी वाचतात आणि ‘वय काही फार नव्हतं हो’ म्हणून पान उलटतात. हा वाचक सामान्य माणसाचं मरण रोज सकाळी, चहाच्या आधी वाचतो. त्याला ते नको असतं हे कोणी ठरवलं? त्याला कोणी विचारलं?

दादरला 6 डिसेंबरला जाऊन बघा. चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, रात्र रांगेत काढतात आणि परत जाताना शिवाजी पार्कातल्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन जातात. पायातली चप्पल झिजलेली असते, पिशवीत पुस्तक असतं. या माणसाला नटीच्या लग्नाच्या मेन्यूपलीकडे काही वाचायचं नसतं, असं म्हणणं ही त्याची बदनामी आहे. मी ती खपवून घेणार नाही.

लोकांना काय हवं याच हिशेबाने 1956 सालची यादी करून पाहा. जानेवारीत मद्रासला विनू मांकड आणि पंकज रॉय यांनी न्यूझीलंडविरुद्ध सलामीला 413 धावा जोडल्या. मांकडच्या 231, रॉयच्या 173. तो विक्रम 52 वर्षं टिकला. हे यादीत येईल, यायलाच हवं. मेलबर्नचं हॉकीचं सुवर्णपदक येईल. ऑगस्टमध्ये तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली, तीही येईल, कारण तिचा फोटो छान निघतो.

त्याच जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहरात गोळ्या चालल्या. त्या गोळीबाराची चौकशी होत नाही, मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही, म्हणून अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मंत्रिपद सोडलं. देशमुखांचं नाव आपण घेतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या लागलेल्यांचं काय? 105, 106 की 107, यावर आपण अजून अडखळतो. ती हुतात्म्यांची यादी एकदा सावकाश वाचा. मराठी नावांच्या ओळीत एक जोसेफ येतो, एक चिमणलाल येतो. मुंबई कोणाची या भांडणात तेव्हाही माणसं किती सरमिसळ होती, हे ही दोन नावं ज्या ठसक्यात सांगतात तसं आजच्या कुठल्याही सभेत ऐकू येत नाही.

आणि अरियलूर. नोव्हेंबरची रात्र, धुवांधार पाऊस, मरुदैयार नदीवरचा पूल खचला आणि मद्रासहून तुतिकोरिनला निघालेली एक्सप्रेस पाण्यात गेली. दीडशेच्या आसपास माणसं मेली. त्याआधी सप्टेंबरात महबूबनगरजवळ असाच पूल कोसळून शंभरावर प्रवासी गेले होते. तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी दिलेला राजीनामा नेहरूंनी स्वीकारला नव्हता. अरियलूरनंतरचा स्वीकारला. हा राजीनामा आपण भाषणांत वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. प्रत्येक अपघातानंतर विरोधक तो काढतात आणि सत्ता बदलली की मिटवून ठेवतात. पण तो ज्यांच्यासाठी दिला गेला ते डब्यातले प्रवासी कोण होते, कुठे निघाले होते, याची चौकशी कोणी करत नाही. एका रात्रीत दीडशे गेले तर मंत्री जातो. तेच मरण वर्षभरात दोन-चार, दोन-चार असं वाटलं गेलं, तर आकडा कितीतरी पट होऊनही कोणाची खुर्ची हलत नाही.

वर्षअखेरीला तर मृत्यूंनी रीघच लावली. 14 ऑक्टोबरला नागपूरला लाखोंना धम्मदीक्षा देणारे बाबासाहेब 6 डिसेंबरला दिल्लीत गेले. 20 तारखेला वलगावजवळ गाडगे महाराज गेले. खराटा घेऊन गावं झाडणारा हा माणूस अनेक आढाव्यांतून अजूनही निसटतो. मार्चमध्ये कवी मर्ढेकर गेले होते, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी.

जन्मांचं सांगायचं तर वर्षाच्या यादीत जन्म येऊच शकत नाहीत. 1956 च्या 6 एप्रिलला क्रिकेटपटू दिलीप वेंगसरकर जन्मले. कोणत्या पेपराला ते कळणार होतं? या वर्षीची खरी मोठी माणसं आत्ता कुठल्या तरी ग्रामीण रुग्णालयाच्या खाटेवर दुपट्यात आहेत, त्यांची नावंही ठेवलेली नाहीत. ज्यांचे वाढदिवस चौकाचौकांत फ्लेक्सवर लागतात त्यांच्यापैकी किती जण पन्नास वर्षांनी कोणाला आठवतील? तरी फ्लेक्स लागतातच, आणि ऐन वळणावर सिग्नल झाकतात.

माझ्या मते 1956 मधली सर्वांत मोठी घटना कुठल्याच सजवलेल्या यादीत नसते. जूनमध्ये हिंदू उत्तराधिकार कायदा आला आणि वडिलांनी मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देशभर मिळायला 2005 पर्यंत थांबावं लागलं. कायदा आला त्या दिवशी एकही फटाका वाजला नाही. पण या कायद्याचा परिणाम तलाठ्याच्या टेबलापुढे अजून चालू आहे. वडिलांचे दिवस होतात, भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो, ‘ताई, इथे सही कर, माहेर तुझंच आहे’ म्हणतो, आणि ताई सही करते. कायद्याने दिलेलं चोळीबांगडीवर परत घेतलं जातं. अशा किती सह्या गेल्या वर्षी झाल्या, हा आढाव्याचा विषय नाही तर कुठला विषय आहे?

नटनट्यांना पानावरून हाकला असं मी म्हणत नाही. राहू देत, त्यांनीही लोकांना आनंद दिला आहे. लग्नाचा फोटो चार बोटं लहान केला तर लोकलमध्ये गेलेल्यांची स्थानकवार यादी त्याच पानावर बसते. ती रेल्वे पोलिसांकडे असते. माहितीच्या अधिकारात अर्ज करायला दहा रुपये लागतात. ते नसतील तर मी देतो.