एकाच खोक्यातली गोळी

गुन्ह्याच्या जागी सापडलेली गोळी पुष्कळदा ओळखण्यापलीकडे चेपलेली असते. हाडावर आपटलेलं शिसं पसरतं, फाटतं, त्याचे तुकडे होतात आणि नळीतल्या आट्यांनी उमटवलेले ओरखडे नाहीसे होतात. कधी बंदूकच हाती लागत नाही. अशा प्रकरणांसाठी अमेरिकेच्या एफबीआयने वेगळी वाट काढली होती: ओरखडे राहू देत, शिसंच तपासू. त्यात अँटिमनी, आर्सेनिक, तांबं, बिस्मथ, चांदी, कथील आणि कॅडमियम किती आहे ते मोजायचं आणि आरोपीकडे मिळालेल्या काडतुसांतल्या शिशाशी ताडून पाहायचं. आकडे जुळले की तज्ज्ञ साक्षीला उभा राहायचा. १९६०च्या दशकात सुरू झालेली ही पद्धत २००५ साली बंद झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून तोवर सुमारे २,५०० प्रकरणांत ती वापरली गेली होती. त्यांतल्या २० टक्क्यांहून कमी प्रकरणांत तिचा निकाल प्रत्यक्ष खटल्यात पुरावा म्हणून मांडला गेला.

ही भोंदू विद्या होती असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने २००४ साली या चाचणीची कसून छाननी केली, तेव्हा यंत्रांना आणि मोजमापाला तिने नावं ठेवली नाहीत. दहा लाखांत काही भाग इतक्या सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्यंही ही यंत्रं नीट मोजत होती. घोटाळा आकडा हाती आल्यानंतरचा होता. ‘हे दोन नमुने आमच्या मोजमापात वेगळे काढता येत नाहीत’ इतकंच म्हणायचा तज्ज्ञाला हक्क होता. ज्यूरीपुढे मात्र ‘या गोळ्या एकाच खोक्यातल्या असू शकतात’, ‘एकाच दिवशी बनलेल्या असाव्यात’ अशी वाक्यं गेली. पहिल्या विधानापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला एक प्रश्न ओलांडावा लागतो: असंच शिसं असलेल्या आणखी किती गोळ्या जगात आहेत?

त्याचं उत्तर प्रयोगशाळेत नव्हतं, शिशाच्या भट्टीत होतं. गोळ्यांचं शिसं बहुतांशी गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांच्या भंगारातून येतं. ते मोठमोठ्या कढयांत वितळवतात. एका कढईत ५० ते १०० टन माल मावतो. गोळी कठीण व्हावी म्हणून हव्या त्या प्रमाणात अँटिमनी घालतात. चांदी, बिस्मथ वगैरे मात्र भंगारातूनच आलेलं असतं आणि ते ठरावीक मर्यादेपलीकडे काढून टाकणं परवडत नाही. मग विटा, लांबट ठोकळे ओततात. ठोकळ्यांपासून तार, तारेचे तुकडे आणि तुकड्यांपासून गोळ्या. समितीच्या अंदाजानुसार, मोजून वेगळं काढता येणार नाही अशा एका साठ्यातून पॉइंट २२ कॅलिबरच्या १२ हजार ते साडेतीन कोटी गोळ्या निघू शकतात. हे दोन आकडे कुठून येतात याचा हिशेब कुणालाही करता येईल. अशी एक गोळी साधारण २.६ ग्रॅमची. १२ हजार गोळ्या म्हणजे ३१ किलो, एक ठोकळा. साडेतीन कोटी म्हणजे ९१ टन, जवळजवळ भरलेली कढई. आणि अमेरिकेत वर्षाला सुमारे ९०० कोटी गोळ्या बनत होत्या. एकाच दूध संघाच्या दोन पिशव्या दोन घरांत सापडल्या, म्हणून दोन्ही घरांचा दूधवाला एकच, असं आपण म्हणत नाही. इथे म्हटलं गेलं.

विल्यम टोबिन हे एफबीआयचे मुख्य धातुतज्ज्ञ होते. १९९८ साली निवृत्त झाल्यावर ते या चाचणीकडे वळले. एरिक रॅन्डिक या धातुशास्त्रज्ञासह आणि आणखी दोघांसह त्यांनी २००२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी शिसं पुरवणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांना दोन उलट्या गोष्टी दिसल्या. महिन्यामहिन्यांच्या अंतराने ओतलेल्या वेगवेगळ्या खेपांचे आकडे सारखे निघू शकतात, आणि एकाच कढईतल्या मालाचे आकडे ओतताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलत जातात, कारण काही घटक हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून कमी होत जातात. म्हणजे सारखेपणावरून मूळ एक ठरत नाही, आणि फरकावरून मूळ वेगळं ठरत नाही. शिवाय कारखान्यात निरनिराळ्या ठोकळ्यांच्या गोळ्या एकत्र होतात, आणि एका खोक्यातही अनेक प्रकारचं शिसं सापडतं.

सांख्यिकीतला दोष याहून साधा होता. पूर्वी वापरलेल्या एका रीतीत ‘अ’ ‘ब’शी जुळला, ‘ब’ ‘क’शी जुळला की तिघेही एका गटात जात. ‘अ’ आणि ‘क’ थेट ताडून पाहिले तर जुळत नसले तरी! साखळी जितकी लांब, तितका गट फुगतो. समितीने या रीतीवर ठपका ठेवला.

खरी गंमत, गंमत म्हणवत नसली तरी, केनेडींच्या हत्येच्या तपासात आहे. १९७८ साली कॅलिफोर्नियाचे रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट ग्विन यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. त्यांनी तुकड्यांवर न्यूट्रॉनचा मारा करून अँटिमनी आणि चांदी मोजली होती. सगळे तुकडे दोनच गोळ्यांचे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यामागचं गृहीतक असं: हत्येत वापरलेल्या मॅनलिखर-कार्कानो रायफलच्या काडतुसांत एकाच खोक्यातल्या गोळ्याही एकमेकींपासून वेगळ्या असतात, पण प्रत्येक गोळी आतून एकसारखी असते. आता शेजारी एफबीआयची साक्ष ठेवून पाहा. तिथे गृहीतक उलटं: खोक्यातल्या गोळ्या सारख्या. शिसं तेच, मोजायची तत्त्वंही मिळतीजुळती, आणि ज्या प्रकरणात जे हवं ते गृहीत. दोन्ही गृहीतकं खरी असू शकत होती, कारण काडतुसं निराळी होती. पण प्रत्येक वेळी कुणीतरी कारखान्यात जाऊन ते सिद्ध करायला हवं होतं. २००६ साली रॅन्डिक आणि पॅट्रिक ग्रँट यांनी ग्विन यांचं गृहीतकही तपासलं. शिसं घट्ट होताना अँटिमनी कणांच्या सीमांवर गोळा होते, त्यामुळे एकाच गोळीचे दोन सूक्ष्म तुकडे वेगळे आकडे देऊ शकतात, असं त्यांनी दाखवलं. कटाच्या कहाण्यांवर जगणाऱ्यांनी लगेच तिसरी गोळी शोधून काढली. तेही तीच चूक करत होते. ‘दोनच होत्या असं सांगता येत नाही’ याचा अर्थ ‘तीन होत्या’ असा होत नाही.

न्यायालयांनी सावरायला वेळ घेतला. २००५ साली न्यू जर्सीत या पुराव्यावर बेतलेली एक शिक्षा रद्द झाली. पुढच्या वर्षी मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने असा पुरावा ग्राह्य नाही असं ठरवलं. केंटकीत तर एफबीआयच्या एका तज्ज्ञ साक्षीदाराने सुनावणीत खोटं बोलल्याचं कबूल केलं होतं. पण मला तो अपवाद वाटतो. बाकीच्या बऱ्याच साक्षीदारांनी स्वतःला खऱ्या वाटणाऱ्याच गोष्टी सांगितल्या असणार, आणि म्हणूनच त्या उलटतपासणीत टिकल्या.

२००५ च्या सप्टेंबरात चाचणी बंद करताना एफबीआयने तिच्या शास्त्रीय पायावर आपला विश्वास कायम असल्याचं म्हटलं. फक्त, दोन गोळ्या जुळण्याला किती महत्त्व द्यायचं हे शास्त्रज्ञ किंवा उत्पादक यांपैकी कुणालाही निश्चित सांगता येत नाही, एवढं मान्य केलं. सुमारे ३०० तपास यंत्रणांना पत्रं गेली. ज्यांच्या विरोधात हा पुरावा वापरला होता, त्यांच्या नावे पत्रं नव्हती. दोन वर्षांनी, २००७ च्या नोव्हेंबरात, वॉशिंग्टन पोस्ट आणि सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने हे उघड केलं, तेव्हा कुठे तज्ज्ञांनी खटल्यांत नेमकं काय सांगितलं होतं ते तपासायला एफबीआय तयार झालं.