चेकवरची सही

जेरी स्प्रिंगर हा अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराच्या नगरपरिषदेतला तिशीचा सभासद, शिक्षणानं वकील. तो वेश्येकडे गेला आणि पैसे दिले ते चेकनं! मागे सही ठेवू नये, एवढंही वकिलाला सुचलं नाही. १९७४ मध्ये त्यानं सरळ कबुली दिली आणि राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. १९७७ मध्ये तो महापौर झाला. कबुलीला लोक भुलतात, हे त्याला तेव्हाच उमगलं असावं.

पुढे तो टीव्हीवर बातम्या सांगू लागला आणि १९९१ मध्ये त्यानं दुपारचा गप्पांचा कार्यक्रम धरला. आधी विषय गंभीर होते, बेघरांचे वगैरे. प्रेक्षक फिरकेनात. १९९४ मध्ये रिचर्ड डॉमिनिक हा निर्माता आला, चटपटीत बातम्यांच्या वृत्तपत्रांत मुरलेला. त्याची कसोटी एकच : आवाज बंद असला तरी बघणाऱ्याचा हात रिमोटकडे जाता कामा नये.

झालं! नवऱ्याची भानगड बायकोला स्टुडिओतच कळू लागली. सवत पडद्यामागून यायची, खुर्च्या उडायच्या, झिंज्या उपटल्या जायच्या, पहारेकरी मध्ये पडायचे आणि प्रेक्षक ‘जेरी, जेरी’ असा गजर करायचे. आपल्याकडे नळावरची भांडणं फुकट बघायला मिळतात. तिकडे त्यासाठी माणसं विमानानं आणत. १९९८ मध्ये काही शहरांत या कार्यक्रमानं ओप्रा विन्फ्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमालाही मागे टाकलं. शिवाय प्रत्येक भागाच्या शेवटी स्प्रिंगर शांत आवाजात चार शहाणपणाच्या गोष्टी सांगे. तासभर तमाशा, वर चिमूटभर कीर्तन.

त्याची स्वतःची कबुली मात्र वेगळी होती. चूक त्याची, शब्दही त्याचेच. इथे पाहुण्याचं गुपित दुसराच कोणी फोडत होता, तेही कॅमेरा नीट लावून.

जुलै २००० मध्ये एका भागात एक माणूस, त्याची नवी बायको आणि घटस्फोटित पहिली बायको असे तिघे दिसले. भाग दाखवला गेला त्याच दिवशी पहिली बायको फ्लोरिडात मारलेली सापडली. त्या माणसाला जन्मठेप झाली. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी कार्यक्रम करणाऱ्यांनाही धारेवर धरलं.

कार्यक्रम बंद झाला नाही. २००२ मध्ये ‘टीव्ही गाइड’ या नियतकालिकानं त्याला आजवरचा सर्वांत वाईट कार्यक्रम ठरवलं, तर कार्यक्रम करणाऱ्यांनी ते बिरुदासारखं मिरवलं. मोडला तो कंटाळ्यानं. कॅमेऱ्यासमोरची मारामारी सगळीकडेच दिसू लागल्यावर या दुकानाचं अप्रूप कुणाला? सुमारे चार हजार भागांनंतर २०१८ मध्ये नवे भाग थांबले.

पुढच्याच वर्षी स्प्रिंगर टीव्हीवर परतला, या वेळी न्यायाधीशाच्या खुर्चीत. ‘जज जेरी’ तीन हंगाम चालला.