ओळखीचा कागद

‘सदर इसमास मी गेल्या पाच वर्षांपासून ओळखतो. माझ्या माहितीप्रमाणे त्यांची वर्तणूक चांगली असून ते होतकरू आहेत.’ हे मी किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. दहावीपर्यंत शिकलेला आणि अक्षर बरं, म्हणून नोकरीला निघालेली पोरं माझ्याकडं येतात. मजकूर माझा, सही सरपंचाची नाहीतर एखाद्या पुढाऱ्याची. त्यानं बऱ्याचदा पोराचं तोंडही पाहिलेलं नसतं. त्या कागदात ‘माझ्या माहितीप्रमाणे’ एवढेच शब्द काय ते सावध.

सोसायटीच्या कर्जाला जामीनदार लागतो. तिथं सही करताना माणूस बायकोला विचारतो, रात्रभर कूस बदलतो. कारण कर्जदारानं थकवलं की 101 ची वसुली जामीनदाराच्याही दारात येते. शिफारशीच्या सहीला तसलं काही नाही. पोरगं कामचुकार निघालं तर मालकाचं नुकसान, सही करणाऱ्याच्या खिशातून दमडी जात नाही. म्हणून तिथं हात सढळ.

सरकारनं यातलं थोडं कमी केलं. 2014 साली केंद्रानं साहेबाच्या सही-शिक्क्याऐवजी उमेदवारानं स्वतःच सही केलेल्या झेरॉक्स घ्यायला सांगितलं. 1 जानेवारी 2016 पासून केंद्राच्या खालच्या पदांच्या मुलाखतीच बंद झाल्या, म्हणजे मुलाखतीतल्या चिठ्ठीची वाट बुजली. पण कंपनीच्या गेटवर अजून विचारतातच, ‘ओळखीचं कोण आहे?’ त्यांचं तरी काय चुकलं? अनोळखी माणसाला मीही रात्री विहिरीवर ठेवत नाही.

अडचण निराळीच आहे. ज्याच्या भावकीत चार नोकरदार, त्याला ओळख शोधावी लागत नाही. भूमिहीनाच्या पोराला गावाबाहेर कोण ओळखतं? ज्यांच्या बांधावर तो राबला, ते. म्हणजे आम्हीच. ‘नको ती झंझट’ म्हणून आम्ही हात झटकले, तर त्याच्याविरुद्ध एक अक्षर न लिहिता त्याची वाट बंद होते.

गेल्या उन्हाळ्यात असाच एक आला. एमआयडीसीत वॉचमनची जागा होती. सोळाव्या वर्षी त्यानं दुसऱ्याच्या मोटरीची केबल कापून विकली होती; साऱ्या गावाला ठाऊक. त्यानंतर तीन वर्षं तो माझ्या उसाला रात्रीचं पाणी देत होता. थंडीत बॅटरी घेऊन दार मोडायचा, एकदाही मोटर बंद करून झोपला नाही. ‘प्रामाणिक आहे’ असं लिहा म्हणाला. मी म्हटलं, तो शब्द मी सगळ्यांसाठी वापरलाय, त्यात आता दम राहिला नाही. मग पाण्याचंच लिहिलं, वर्षं-महिन्यांसकट. खाली पहिल्यांदाच सही माझी आणि फोन नंबरही माझा.

केबलचं लिहिलं नाही. कागद कामाबद्दल होता, आणि ती भरपाई त्यानं मजुरीतून फेडली होती. पण वॉचमनच्या हाती दुसऱ्याचा माल असतो, हेही खरं. म्हणून त्याला तोंडावर सांगितलं, ‘साहेबाचा फोन आला आणि त्यानं विचारलं, तर मी केबलचं लपवणार नाही.’

पोरगं खाली बघून थोडा वेळ उभं राहिलं. मग म्हणालं, ‘सांगा तात्या. पण आधी पाण्याचं सांगा.’