दोष उतरला, भार उरला

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर किंवा गंगाखेड तालुक्यातल्या एखाद्या गावात तीन वर्षांचं पोर हाक मारली तरी वळून बघत नाही, खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक तासन्‌तास फिरवत बसतं, बोलत नाही. अशा वेळी मुलाला काय झालं, यापेक्षा आईनं काय केलं, हे आधी विचारलं जातं. पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही का? हल्ली त्यात ‘मोबाईल हातात दिला का?’ या प्रश्नाची भर पडली आहे. ‘मामावर गेलंय, उशिरा बोलेल,’ हा खरं तर दिलासा; पण त्यातही हिशेब माहेरच्याच खात्यावर मांडला जातो.

हा खेड्यातला अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. कारण स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) संशोधनानंही सुरुवातीची पंचवीसेक वर्षं जवळपास हेच केलं. बाल्टिमोरचे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ही स्थिती जन्मजात असावी, असं त्यांनी त्यातच नोंदवलं होतं. तरी पुढे 1949 मध्ये त्यांनी आईबापांच्या थंडपणावर बोट ठेवलं आणि त्या घरांना शीतकपाटाची उपमा दिली. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या आपल्या पुस्तकातून हा आरोप लोकप्रिय केला. आपल्याकडे ग्रहण, तिकडे मायेचा अभाव, आरोपी एकच.

हा आरोप मोडून काढण्यात पालक पुढे होते. अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड हे स्वमग्न मुलाचे वडील. 1964 च्या ग्रंथात त्यांनी कारण मेंदूच्या जडणघडणीत शोधलं. 1969 मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत, तुम्हाला दोषमुक्त करतो, असं जाहीर केलं. 1977 मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या आणि आनुवंशिकतेचा पुरावा हाती आला. स्वमग्न मुलीची आई असलेल्या लंडनच्या डॉ. लोर्ना विंग यांनी ज्युडिथ गूल्ड यांच्यासोबत केलेल्या 1979 च्या अभ्यासानं आणखी एक गोष्ट दाखवली. स्वमग्नतेला एकच ठरावीक साचा नाही. तिच्या सौम्य ते तीव्र अनेक छटा असतात.

1998 मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका लेखामुळे लशीवर आळ आला आणि ‘मी मुलाला लस का टोचून घेतली?’ म्हणत आया पुन्हा स्वतःलाच कोसू लागल्या. तो लेख ‘लॅन्सेट’नं 2010 मध्ये मागे घेतला.

आपल्या कायद्याला हे सगळं उमगायला वेळ लागला. 1995 च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं तिची दखल घेतली आणि 2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत तिला जागा दिली. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासावं, असं ठरलं.

कागदावर हे चोख आहे. पण परभणीतून दरवर्षी अनेक कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पथक अंगणवाडीत येतं, तेव्हा पोर फडाजवळच्या कोपीवर असतं. निदान झालं तरी वाचा-उपचार एका भेटीत संपत नाहीत. दर खेपेला एसटीचं भाडं जातं, रोज बुडतो. मग फेऱ्या थांबतात आणि ‘आईच टाळते’ असा नवा आरोप तयार होतो. विज्ञानानं आईवरचा दोष उतरवला. भार मात्र तिच्याच कमरेवर राहिला.

तो वाटून घेता येतो, याचा पुरावा शेजारीच आहे. गोवा आणि रावळपिंडी इथे झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 65 मुलं होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना बारा सत्रांत मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवलं. मुलाच्या कलानं घेणं आईवडिलांना जमू लागलं, मूल स्वतःहून अधिक संवाद साधू लागलं. सगळीच मोजमापं सुधारली नाहीत, तरी मदत घरापर्यंत नेता येते, हे सिद्ध झालं. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेनं बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी ‘घरकुल’ हे निवासी केंद्र उभारलं, ते ‘आमच्यामागे याचं कोण?’ या प्रश्नावर पालकांनी एकत्र येऊन दिलेलं उत्तर आहे.

परभणीत आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आहेत. त्यांना हे शिक्षण द्या. तपासणी ऊसतोडीच्या हंगामाआधी उरका आणि कुटुंब फडावर गेलं, तर मुलाची नोंद त्याच्यामागोमाग कारखान्याच्या गावी पाठवा. उपचाराच्या दिवशी बुडणारा रोज भरून द्या. दोषी कोण, या प्रश्नाचा निकाल पन्नास वर्षांपूर्वीच लागला आहे. आता सोबत कोण करणार, एवढंच ठरवायचं आहे. आणि ते ठरवणं आईचं काम नाही, आपलं आहे.