खाल्ल्या घराबद्दल लिहिताना

द्यूतसभेत भीष्म, द्रोण गप्प राहिले तेव्हा दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण उठला आणि म्हणाला, द्रौपदीला जिंकलेली मानणं धर्माला धरून नाही. कर्णाने त्याला पोर ठरवून गप्प केलं. पुढे हाच विकर्ण भावांच्या बाजूने लढला आणि भीमाच्या हातून मेला. म्हणजे त्याने घर सोडलं नव्हतं.

माझे आजोबा आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे अध्यक्ष. उसाचं बिल थकलं की शेतकरी पहाटे ओसरीवर येऊन बसत. घामाने मऊ पडलेल्या काटापावत्या हातात. आजी चहा पाठवायची, आजोबा मागच्या दाराने निघून जायचे. हे लिहायला घेतलं तेव्हा काका म्हणाले, “पोरी, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत.” पण ते खाणं त्याच उसातून आलं होतं. मग मी ऋणी कुणाची?

नयनतारा सहगल यांनी १९७८ साली मामेबहीण इंदिरा गांधींच्या राजकारणावर कठोर पुस्तक लिहिलं. त्यांचे वडील रणजित पंडित मराठी मुळाचे. तरी २०१९च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचं त्यांना दिलेलं आमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं. मला याची अजून लाज वाटते.

आजोबांचं शेवटचं आजारपण, घरातले रुसवेफुगवे मी लिहिणार नाही, ते त्यांचे. थकलेली बिलं शेतकऱ्यांची होती. ती लिहिणार, आजोबांच्या नावानिशी.